ठाणे-नवी मुंबईच्या शालेय फुटबॉलचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास गोळा कसा करायचा

मागच्या महिन्यात ऐरोलीला शाळेत गेलो होतो तेव्हा आमच्या पी.टी. सरांनी कपाट उघडून एक निळी फाइल हातात ठेवली. आत २००९ च्या डीएसओ (जिल्हा क्रीडा अधिकारी घेतात त्या शालेय स्पर्धेच्या) मॅचचा स्कोअरशीट, पावसात भिजलेला आणि मागच्या कागदाला चिकटलेला, वर निळ्या शाईत दोन शाळांची नावं, मधे १-१, आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलने "टाय. ४-३", म्हणजे टायब्रेकरच्या पेनल्टी किकवर ४-३. ती मॅच मी खेळलोय. आणि इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की आपण ३-२ ने जिंकलो, अगदी मनापासून, कारण मला तसंच आठवत होतं. त्या दिवशी मला कळलं की हे काम आता केलं नाही तर नंतर कोणाला करताच येणार नाही, कारण आठवण अशी सरकते आणि कागद असा चिकटतो.

तर ज्यांना आपल्या शाळेचा, नोडचा (म्हणजे वाशी, नेरुळसारख्या उपनगराचा) किंवा अख्ख्या जिल्ह्याचा शालेय फुटबॉलचा इतिहास लिहायचाय त्यांच्यासाठी, मी गेलं वर्षभर जे करतोय ते सगळं इथे सांगतो, कुठे अडकलो तेही.

सगळ्यात आधी "ठाणे" म्हणजे काय ते ठरवा. हसू नका, नव्वद टक्के घोळ इथेच होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते, त्यातले वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड असे ८ तिकडे गेले आणि आपल्याकडे ७ राहिले. म्हणजे २०१० ची "ठाणे जिल्हा विजेती" शाळा वसईची असू शकते आणि ते बरोबरच आहे, तिला यादीतून काढायचं नाही, फक्त तेव्हा जिल्हा केवढा होता ते लिहायचं. त्यातून शालेय स्पर्धेत महापालिका हद्द हा स्वतंत्र जिल्हा धरला जातो, म्हणजे ठाणे मनपा वेगळी, नवी मुंबई मनपा वेगळी, कल्याण-डोंबिवली वेगळी आणि उरलेला ग्रामीण भाग वेगळा, आणि हे सगळे पुढे मुंबई विभागात एकमेकांसमोर येतात. त्यामुळे एका वर्षी तीन-चार शाळा "आम्ही जिल्ह्यात पहिले" म्हणतात आणि सगळ्या खरं बोलत असतात! सर्टिफिकेटवर "जिल्हास्तर"च्या आगेमागे काय लिहिलंय ते नीट वाचा, "मनपा" शब्द बारीक अक्षरात असतो.

आणि खारघर. आपण सगळे खारघर, कामोठे, कळंबोलीला नवी मुंबईच म्हणतो, सिडकोने वसवलंय म्हणून, पण हे रायगड जिल्ह्यात येतं, १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली तेव्हापासून त्या पालिकेत, त्याआधी पनवेल तालुका. नवी मुंबई महापालिका म्हणजे बेलापूर ते दिघा एवढीच, ती १ जानेवारी १९९२ पासूनची. मी पहिल्या मसुद्यात खारघरच्या दोन शाळा नवी मुंबईच्या यादीत घातल्या होत्या, एका बाईंनी फोन करून समजावलं. त्या स्वतः तिथे क्रीडाशिक्षिका होत्या आणि पोरींना घेऊन अलिबागपर्यंत गेलेल्या, त्यांना ते लागणं साहजिक होतं.

इंग्लंडमध्येही हा प्रश्न आहे बरं का. तिथे इंग्लिश स्कूल्स फुटबॉल असोसिएशन १९०४ ची, तिच्याखाली प्रत्येक काउंटीची शाळांची वेगळी असोसिएशन, आणि १९७४ ला सरकारने काउंट्यांच्या हद्दी बदलल्या, ग्रेटर मँचेस्टर, मर्सीसाइड असे नवे भाग केले, म्हणजे जुना निकाल वाचताना हद्द कुठली हे तिथेही बघावंच लागतं. फरक एवढाच की त्यांच्याकडे शाळांची म्हणून एक संघटना आहे, आपल्याकडे जिल्ह्यात शालेय फुटबॉल सांभाळणारं एकच असं घर नाही. मुंबईत मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन आहे, १८९३ ची, पण तो मुंबईच्या शाळांचा मामला.

आपल्याकडे चार धागे वेगवेगळे चालतात आणि ते वेगळेच ठेवायचे. एक, क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा, ज्याला आपण सगळे नुसतं "डीएसओ" म्हणतो, जिल्हा क्रीडा अधिकारी घेतात म्हणून. १४, १७ आणि १९ खालचे गट, तालुका किंवा मनपा, मग विभाग, मग राज्य, आणि त्याच्यावर स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय. दोन, सुब्रतो कप, शाळांची देशपातळीवरची स्पर्धा. तीन, जिल्हा फुटबॉल संघटना, ती विफाशी जोडलेली, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, महाराष्ट्राची राज्य संघटना, जिल्हा संघटनेच्या वयोगटाच्या स्पर्धेत पोरं तीच असतात पण टीम क्लबची किंवा जिल्ह्याची असते, शाळेची नसते. चार, खाजगी स्पर्धा आणि शाळांच्या आपापसातल्या ट्रॉफ्या, टर्फवरच्या फाइव्ह-अ-साइडसकट. माझ्या मते इतिहासात चौथा धागा थोडक्यात घ्यावा, नाहीतर आजकाल दर रविवारी कोणीतरी चॅम्पियन असतो.

सुब्रतोचं जरा सविस्तर सांगतो कारण वर्षं जुळवायला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा, १९६० ला सुरू झाली, हवाई दलाशी जोडलेली सोसायटी ती चालवते, जिल्हा-विभाग-राज्य असं जिंकत गेलं की शाळेला दिल्लीचं तिकीट. सर्टिफिकेटवर कधीकधी वर्ष पुसलेलं असतं पण "५३ वी" असं लिहिलेलं वाचता येतं. मग हिशोब सोपा आहे, १९६० पहिली आणि २०१९ साठावी, म्हणून २०१९ पर्यंत आकड्यात १९५९ मिळवा, ५३ वी म्हणजे २०१२. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला स्पर्धा झाली नाही, २०२२ ला ६१ वी झाली, म्हणून तिथून पुढे १९६१ मिळवायचे, ६४ वी म्हणजे २०२५. मुलींचा १७ खालचा गट २०१२ पासून आला, त्यामुळे कोणी २००८ ला आमच्या मुली सुब्रतो खेळल्या म्हणालं तर बहुतेक ती डीएसओची मॅच असणार, खोटं बोलत नाहीयेत, नावं मिसळलीत. आधी सब-ज्युनिअर म्हणजे १४ खालचे, अलीकडे तो गट १५ खालचा झालाय, तेही यादीत लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एक मुलगा वर्षभराने मोठा असून कसा खेळला.

आता कागद कुठे मिळतात.

शाळेच्या पी.टी. रूममध्ये पहिलं जा. ऑफिसमध्ये नको, ऑफिसमध्ये क्रीडा फाइल्स बहुतेक वेळा रद्दीत गेलेल्या असतात. पी.टी. रूममध्ये कपाटाच्या सगळ्यात खाली, फुटलेल्या बॉलच्या आणि बिब्सच्या पोत्यामागे, प्रवेशिकांच्या झेरॉक्स सापडतात. प्रवेशिका म्हणजे खेळाडूंची यादी, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची, जन्मतारखेसकट, आणि इतिहासासाठी याच्याइतकं खरं काही नाही कारण ती मॅचच्या आधी भरलेली असते, नंतर कोणी फुगवलेली नसते. ड्रॉचा कागद मिळाला तर सोनं, त्यात त्या वर्षी किती शाळा उतरल्या, कोणाला बाय मिळाला (न खेळता पुढच्या फेरीत गेलं), कोण आलंच नाही हे सगळं असतं. निव्वळ विजेत्यांची यादी करून काय उपयोग, एका वर्षी किती शाळांनी टीम उतरवली आणि पाच वर्षांनी किती उरल्या, हा खरा इतिहास आहे!

चिकटलेले कागद ओढून काढू नका. मी एक ओढला आणि अर्ध्या टीमची नावं दुसऱ्या कागदाबरोबर गेली, अजून वाईट वाटतं. पंख्याखाली दोन दिवस ठेवा, सुकले की बारीक पट्टीने हळू सोडवा, नाही सुटले तर आहे तसा फोटो काढा. या स्पर्धा जुलै-ऑगस्टपासून सुरू होतात, आपल्याकडे तेव्हा कसा पाऊस असतो ते माहितीय, सर छत्रीखाली मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहायचे, म्हणून निम्मे कागद असेच निघणार हे धरून चाला.

दुसरी जागा म्हणजे खेळाडूंची घरं. शाळेने टाकून दिलेलं सगळं खेळाडूंच्या आईने ठेवलेलं असतं. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, यामुळे क्रीडा प्रमाणपत्र कोणी फेकत नाही, लॅमिनेट करून दाखल्यांच्या फाइलमध्ये असतं. ते आरक्षण राज्यात २००५ च्या शासन निर्णयाने आलं. प्रमाणपत्राचा फोटो दोन्ही बाजूंनी घ्या. त्यावर "२०१२-१३" असं शैक्षणिक वर्ष असतं, मॅच मात्र २०१२ च्या ऑगस्टमधली, आणि विभाग-राज्य पुढे गेलं तर कधी नोव्हेंबर-डिसेंबरची. तुमच्या यादीत सरळ शैक्षणिक वर्षच वापरा, एकच पद्धत ठेवा. आणि "प्राविण्य" आणि "सहभाग" यात फरक आहे, सहभाग प्रमाणपत्रावरून कोणी जिंकलं असं लिहू नका.

तिसरी जागा सरकारी ऑफिस. आधी साधं पत्र देऊन बघा, शाळेच्या लेटरहेडवर, बरेचदा एखादे चांगले साहेब भेटतात आणि रजिस्टर दाखवतात. नाहीच झालं तर माहितीचा अधिकार. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, हे मला माहीत नव्हतं, मी सगळ्या वर्षांचं, सगळ्या गटांचं एकाच अर्जात मागितलं आणि महिना फुकट गेला. असं मागा: "सन २०१० ते २०१५ या काळातील शालेय फुटबॉल स्पर्धा, १७ वर्षांखालील मुले, यांच्या निकालपत्रकांच्या प्रती." बस. मुलींचा वेगळा अर्ज. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, प्रतीला पानामागे २ रुपये, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. महापालिका हद्दीतल्या स्पर्धांसाठी पालिकेच्या क्रीडा विभागाकडेही विचारा, एकाकडे नसलेलं दुसरीकडे निघतं.

पेपर विसरू नका. ठाण्यातल्या दैनिकांत, ठाणे वैभवसारख्या, शालेय स्पर्धांच्या चार ओळी येतात ज्या मोठ्या पेपरांत कधीच येणार नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ पासूनचं, तिथे किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात जुन्या अंकांच्या फाइली आहेत का विचारा, आणि थेट ऑगस्ट-सप्टेंबरचेच महिने मागा, नाहीतर वर्षभराचे गठ्ठे उलटत बसाल. बातमीत शाळेचं नाव चुकतं, एकाच संस्थेची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची शाळा वेगळी टीम उतरवते आणि पेपरात दोन्हीचं एकच नाव येतं, म्हणून बातमी एकटी पुरावा धरू नका.

आता माणसं. कागदात स्कोअर मिळतो, बाकी सगळं माणसांकडेच आहे. पण "कोण जिंकलं, किती गोल झाले" हे विचारू नका, माझ्यासारखं ३-२ सांगतील. असं विचारा की गोलकीपर कोण होता, त्या दिवशी स्टड्सवाले बूट कोणाकडे होते, ग्राउंडवर कसे गेलात, मॅचनंतर काय खाल्लं. मग आठवण आपोआप खरी व्हायला लागते. आमच्या एका डिफेंडरला स्कोअर आठवेना, पण वाशीला उतरल्यावर सरांनी सगळ्यांना अर्धा-अर्धा वडापाव दिला आणि म्हणाले "उरलेला मॅचनंतर", हे बरोबर आठवलं, आणि त्यावरून बाकीच्या चौघांना तीच मॅच आठवली, मग टायब्रेकरमधली पाचवी किक कोणी मारली तेही निघालं.

प्रवासावरून वर्षही पकडता येतं. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल ९ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाली, तेव्हा कोणी म्हणालं की २००२ ला आम्ही ऐरोलीहून ट्रेनने वाशीला मॅचला गेलो, तर वर्ष तरी चुकलंय किंवा ट्रेन तरी. तसंच नेरुळचं डी.वाय. पाटील स्टेडियम २००८ चं आहे, त्याच्या बाजूने गेल्याची आठवण असेल तर मॅच त्यानंतरची, निदान बांधकाम चालू असतानाची. अशा दोन-चार खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, बोलता बोलता उपयोगी पडतात.

मोठ्या घटनांचं काय करायचं हा प्रश्न येतो. २०१७ ला १७ वर्षांखालच्या मुलांच्या वर्ल्डकपच्या मॅचेस नेरुळला झाल्या, माली-स्पेनची सेमीफायनलसुद्धा, स्पेन ३-१ ने जिंकलं. २०२२ ला तर एकाच वर्षात महिलांच्या आशिया कपची फायनल, चीनने दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं ती, आणि ऑक्टोबरात १७ खालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल, स्पेन-कोलंबिया १-०, दोन्ही इथेच. हे लिहा, पण दोन ओळीत. तुमचा इतिहास स्पेनचा नाहीये. त्यावेळी तुमच्या शाळेतली कोणती पोरं ती मॅच बघायला गेली, त्यानंतर मुलींची टीम सुरू झाली का, झाली तर किती वर्षं टिकली, हे शोधा. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉलचा दिवस झाला होता, महाराष्ट्र मिशन वन मिलियन, शाळांना बॉल वाटलेले. प्रत्येक सरांना मी विचारतो, ते बॉल कुठे आहेत, किती दिवस खेळले, आणि याच प्रश्नावर सगळ्यात जास्त माहिती मिळते, कारण ग्राउंड आहे की नाही हे लगेच कळतं.

मुलींचा भाग वेगळा काढून शेवटी टाकू नका, वर्षाच्या ओघातच लिहा. त्यांचे कागद कमी मिळतात कारण टीम कमी होत्या, कधी दोनच शाळा आल्या की थेट फायनल व्हायची. "दोन संघ" असं स्पष्ट लिहा, त्यात त्या मुलींचा काही कमीपणा नाही, त्या वर्षी बाकीच्या शाळांनी टीम पाठवली नाही ही बाकीच्यांची गोष्ट आहे. एका मुलीच्या बाबांनी मला सांगितलं की ती नववीत मुलांच्या टीमबरोबर प्रॅक्टिस करायची, कारण मुलींची टीम भरायला तीन जणी कमी पडायच्या. हे कुठल्याच निकालपत्रकात सापडणार नाही.

आणि कोविडची दोन वर्षं. यादीत २०२०-२१ आणि २०२१-२२ या रकान्यांत नुसती रेघ मारू नका. २०१९ ला जो मुलगा १४ खाली शेवटचं वर्ष खेळला तो शाळा सुरळीत होईपर्यंत १७ खालच्या गटाच्या शेवटाला आला, त्याच्याकडे मधल्या काळाचं एकही सर्टिफिकेट नाही, आणि त्याची चूक काय. अशा बॅचची नावं तरी लिहा, सरांना विचारून, जर स्पर्धा झाली असती तर टीममध्ये कोण असतं. सर पाच मिनिटांत अकरा नावं सांगतात, मी दोन शाळांत करून बघितलं.

वयाच्या भानगडी. प्रत्येक जिल्ह्यात आहेत, जास्त वयाची पोरं खेळवल्याच्या तक्रारी, प्रोटेस्ट. आम्हीही एका वर्षी एका शाळेविरुद्ध प्रोटेस्ट केला होता, फी भरून, आणि तो फेटाळला गेला, अजूनही मला वाटतं आम्ही बरोबर होतो. पण माझ्याकडे कागद नाही, म्हणून त्या शाळेचं नाव मी लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. निर्णयाची लेखी प्रत असेल तरच लिहा. समोरचा मुलगाही तेव्हा सोळा-सतराचाच असेल, त्याने फॉर्म भरला नव्हता, मोठ्यांनी भरला होता.

लिहिताना माझी पद्धत अशी: एक्सेलमध्ये वर्ष, स्पर्धा, हद्द, गट, मुलं की मुली, निकाल, ग्राउंड, आणि शेवटचा रकाना पुरावा. पुराव्यात "स्कोअरशीट", "प्रमाणपत्र", "पेपर", "दोघांनी सांगितलं", "एकाने सांगितलं" यातलं एक. एकानेच सांगितलेलं वेगळ्या रंगात. रिकामं राहिलं तर रिकामं राहू द्या, पुढे कोणीतरी भरेल. जे आता अठराच्या खाली आहेत त्यांचं नाव आणि फोटो आई-बाबांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि प्रवेशिकेचा फोटो शेअर करताना जन्मतारखा झाका, सगळ्यांच्याच. व्हॉट्सअॅपवरचे टीमचे फोटो लगेच उतरवून घ्या, फोन बदलला की जातात, फोटोखाली नावं डावीकडून उजवीकडे लिहा आणि ज्याचं आठवत नाही तिथे जागा सोडा.

सगळ्याच्या तीन प्रती, एक शाळेत, एक तुमच्याकडे, एक वाचनालयात. आणि सरांकडे आधी जा, खेळाडूंकडे नंतर. आमचे सर येत्या मे महिन्यात रिटायर होतायत, नवीन माणूस आला की ते कपाट साफ होणार, म्हणून मी दर शनिवारी जातो.

त्या २००९ च्या मॅचचं पान पूर्ण झालं. निकालाच्या रकान्यात १-१, टायब्रेकर ४-३, पुराव्यात स्कोअरशीट. समोरच्या शाळेचा गोलकीपर शोधायला दोन महिने लागले, आता कल्याणला असतो. त्याने त्याच्या टीमची अकरा नावं पाठवली, वर बदली खेळाडूंचीही, आणि खाली लिहिलं की दुसरी किक त्याने अडवली होती ती तुझी होती. माझीच होती, तेही पानावर घातलंय.